जेवणाच्या टेबलावर आर्मर्ड डिव्हिजन

वाळवंटी युद्धाचा मिनिएचर गेम, म्हणजे इवल्या मॉडेलांची टेबलावरची लढाई, खेळायचा तर आधी एखादी छोटी स्क्वॉड्रन घ्या, हात बसू द्या, असं शहाणी माणसं सांगतील. अजिबात ऐकू नका. दहा-बारा रणगाड्यांनी कुणाचं समाधान झालंय? थेट डिव्हिजनच, म्हणजे हजारो सैनिकांचं अख्खं दलच, उभी करा. १९९१ चं आखाती युद्ध, म्हणजे इराकने बळकावलेलं कुवेत सोडवण्याची मित्रराष्ट्रांची लढाई, त्याला फार सोयीचं. जमिनीवरची लढाई शंभर तासांत आटोपली, म्हणजे घरच्यांना टेबल फार दिवस अडवल्यासारखं वाटणार नाही.

अमेरिकन डिव्हिजनच्या वाटेला जाऊ नका. त्यांच्या एकेका टँक बटालियनमध्येच ५८ एम१ए१ रणगाडे. ब्रिटिशांची १ली आर्मर्ड डिव्हिजन घ्या. मेजर जनरल रुपर्ट स्मिथ यांच्या हाताखाली ७वी आणि ४थी अशा दोनच आर्मर्ड ब्रिगेड, चॅलेंजर रणगाड्यांच्या तीनच रेजिमेंट. रॉयल स्कॉट्स ड्रॅगून गार्ड्सचे ५७, क्वीन्स रॉयल आयरिश हुसार्सचे ५७, चौदावे/विसावे किंग्ज हुसार्स यांचे ४३. झाले १५७. पाच खऱ्या रणगाड्यांमागे एक मॉडेल धरलं तर हिशेब ३१.४ वर येतो. त्या पॉइंट चार रणगाड्यावरून मित्रमंडळींत जो वाद होईल, तो पुढच्या लढाईपेक्षा जास्त रंगेल. होऊ द्या.

बजेट कमी पडलं तर कपाट उघडा. जर्मनीतल्या शीतयुद्धासाठी हौसेने जमवलेली हिरवी फौज तिथे धूळ खात असेलच. तिची इंजिनं, बुर्ज, सुटे भाग ओरबाडून घ्या आणि वाळवंटात पाठवा. कुणी नाक मुरडलं तर सांगा की ब्रिटिशांनीही हेच केलं. आखातात एक डिव्हिजन धडपणे चालावी म्हणून ऱ्हाइनकाठच्या त्यांच्या लष्कराचे रणगाडे सुट्या भागांसाठी मोकळे केले गेले. तुमची काटकसर ऐतिहासिकदृष्ट्या अचूक आहे.

आता रंगकाम. १:२८५ स्केलमध्ये चॅलेंजर तोफेच्या टोकापर्यंत जेमतेम चार सेंटिमीटर भरतो. त्यावर ७व्या ब्रिगेडचं चिन्ह असलेला लाल जर्बोआ, म्हणजे वाळवंटातला उड्या मारणारा उंदीर, तो सुप्रसिद्ध ‘डेझर्ट रॅट’, रंगवायचाच. सगळ्यात बारीक ब्रश घ्या, श्वास रोखा, टोक टेकवा. उंदीर झाला तर उत्तम. नाही तर लाल ठिपका होईल आणि बघणारा विचारील, ‘हे टिकलीसारखं काय आहे?’ ४थ्या ब्रिगेडचा उंदीर काळा. तिथे ठिपक्याला तेलाचा डाग म्हणता येतं.

अंतराचा प्रश्न मात्र नाजूक आहे. एका चॅलेंजरने पाच किलोमीटरच्या आसपासचं लक्ष्य टिपल्याचं नोंदलेलं आहे. मॉडेलच्याच स्केलने मोजलं तर हे साडेसतरा मीटर होतात. तुमचं टेबल सहा फूट. म्हणजे नेम धरायला शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरातून सुरुवात करावी लागेल, आणि एमएलआरएस रॉकेटांची बॅटरी तर सोसायटीच्या गेटबाहेर उभी करावी लागेल. म्हणून अनुभवी खेळाडू रणगाड्याला एक स्केल लावतात आणि जमिनीला दुसरं. परिणामी रणगाडे बंपरला बंपर लावून पार्किंगसारखे उभे राहतात. त्याला ‘व्यूह’ म्हणायची पद्धत आहे.

ट्रक घेऊ नका. ट्रकचं मॉडेल रणगाड्याच्याच आसपासच्या किमतीला पडतं आणि त्याच्याकडे बघून कुणी ‘वा’ म्हणत नाही. एम१ए१ च्या टाकीत सुमारे १९०० लिटर इंधन मावतं, टर्बाइन उभ्या जागीही ते पीत राहतं, आणि अमेरिकनांच्या मोठ्या टँकर ट्रकमध्ये साधारण साडेनऊ हजार लिटर मावायचं. म्हणजे एका ट्रकमागे पाच रणगाडे, बटालियन एकदा भरायला बारा ट्रक. ब्रिटिशांचं सामान तर सौदी अरेबियातल्या जुबैल बंदरात उतरून शेकडो किलोमीटर पश्चिमेला जात होतं. पाणी, दारूगोळा, अँब्युलन्स, रणगाडे ओढून आणणारी वाहनं, पूल टाकणारे इंजिनिअर: खऱ्या डिव्हिजनमध्ये हेच जास्त. तुमच्या डिव्हिजनमध्ये हे सगळं ‘गृहीत धरलं आहे’.

भूभागासाठी खाकी चादर पुरे. त्या फेब्रुवारीत पाऊस, चिखल, धुळीची वादळं असं सगळं होतं, पण चादर ओली करायला घरचे परवानगी देणार नाहीत. उद्दिष्टांना मात्र खरी नावं द्या: कॉपर, ब्राँझ, ब्रास, झिंक, स्टील. नकाशा वाचताना पुण्याच्या तांबट आळीवर चढाई चालल्यासारखं वाटतं, त्याला इलाज नाही.

मित्रराष्ट्रं जमवताना खरी बचत होते. कुवेतचे एम-८४ रणगाडे म्हणजे सोव्हिएत टी-७२ चाच युगोस्लाव्हियात घडवलेला भाऊ. सीरियाची ९वी आर्मर्ड डिव्हिजनही सोव्हिएत बनावटीचे रणगाडे घेऊन याच बाजूला उभी होती. शत्रूकडे, म्हणजे इराककडेही, सोव्हिएत रणगाडेच. तेव्हा एकच डबा विकत घ्या आणि दोन्हीकडे वापरा. ओळखीसाठी मित्रांवर उलटा ‘व्ही’ काढा. तो दिसला की आपला माणूस. २६ फेब्रुवारीला अमेरिकन ए-१० विमानांनी सैनिक नेणाऱ्या दोन ब्रिटिश वॉरिअर चिलखती गाड्या उडवल्या आणि नऊ सैनिक गेले. त्या गाड्याही आपल्याच होत्या. नियमपुस्तकात आपल्याच गोळीबाराचं पान असेल तर ते ‘ऐच्छिक’ समजा. त्याने खेळाची मजा जाते.

उरला इराकी शत्रू. जुने टी-५५ रणगाडे घेऊन, रात्री न दिसणाऱ्या दुर्बिणीतून, आपल्याला कुठून गोळा लागतोय हे न कळता बसून राहायला कुणी हौशी मित्र तयार होत नाही. भाचा सुट्टीला आला असेल तर त्याला बसवा. तिसऱ्या-चौथ्या टर्नला तो कंटाळून म्हणेल, ‘मामा, मी शरण.’ खऱ्या युद्धातही हजारोंनी हेच केलं. फक्त युद्धकैद्यांच्या नियमाप्रमाणे आता त्याच्या सगळ्या सैनिकांना पाणी, जेवण आणि मागे न्यायला वाहन देणं तुमच्या डिव्हिजनवर बंधनकारक आहे, आणि भाचा विचारतोय, ‘मामा, ट्रक कुठेत?’