‘पाच मिनिटांत गेमची एरर गायब’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

हा मेसेज मला आतापर्यंत तीन वेगवेगळ्या ग्रुपवर आलाय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: ऑनलाइन गेमला कनेक्शन एरर येते ती तुमच्या घरच्या सेटिंगमुळे, आणि पाच गोष्टी केल्या की ती शंभर टक्के जाते. जास्त स्पीडचा प्लॅन घ्या. डीएनएस बदलून ८.८.८.८ टाका. फायरवॉल आणि अँटीव्हायरस बंद करा. राउटर रीसेट करून आपला पीसी डीएमझेडमध्ये टाका. तरीही एरर आली तर व्हीपीएन लावा. हे शब्द म्हणजे काय, ते पुढे त्या-त्या जागी सांगतो.

मी नेटवर्कचं काम करतो. इमारतीत कुणाचं नेट अडलं की पहिलं दार माझं वाजतं. शेजारच्या दहावीतल्या मुलाने हा मेसेज वाचून एका संध्याकाळी जवळजवळ सगळे उपाय करून पाहिले. राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालून त्याने दहा सेकंद दाबून धरली. रीस्टार्ट म्हणजे बंद करून चालू करणं आणि रीसेट म्हणजे आतलं सगळं पुसून टाकणं, हा फरक त्याला कुणी सांगितलाच नव्हता. पीपीपीओईचं, म्हणजे राउटरला नेटवाल्याकडे लॉगिन करायला लागणारं, युजरनेम आणि पासवर्ड पुसले गेले. घरात ते कुठे लिहून ठेवलेले नव्हते. नेटवाल्याचा माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी आला, तोवर त्याच्या आईने ऑफिसचं काम मोबाईलच्या हॉटस्पॉटवर कसंबसं रेटलं. मुलगा दारात उभा राहून एवढंच म्हणाला, “काका, मेसेजमध्ये तसंच लिहिलं होतं.” म्हणून हे लिहितोय.

आधी मूळ दावाच घेऊ, की दोष घरातच असतो. ७ आणि ८ फेब्रुवारी २०२५ ला प्लेस्टेशन नेटवर्क जगभर जवळजवळ दिवसभर बंद होतं. ऐन दिवाळीत, २० ऑक्टोबर २०२५ ला, अमेरिकेतल्या व्हर्जिनियामधल्या ॲमेझॉनच्या डेटा सेंटरमध्ये बिघाड झाला आणि फोर्टनाइट, रोब्लॉक्ससारखे गेम ठिकठिकाणी अडले. त्या दिवशी कोथरूडमध्ये बसून राउटर कितीही वेळा बंद-चालू केला असता तरी काही फरक पडला नसता. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाची नेहमीची देखभाल अमेरिकेतल्या मंगळवारी होते, म्हणजे आपल्याकडे बुधवार पहाटेच्या सुमाराला. रात्र जागून खेळणाऱ्याला तेव्हा अचानक ‘कनेक्शन नाही’ दिसतं आणि तो घाबरून सेटिंग उचकायला लागतो. दहा-वीस मिनिटं थांबलं तर बहुतेक वेळा ते आपोआप सुरळीत होतं.

मधला रस्ताही तुटतो. ६ सप्टेंबर २०२५ ला जेद्दाहजवळ तांबड्या समुद्रात केबल तुटल्या. त्यातल्या दोन, एसएमडब्ल्यू ४ आणि आयएमईडब्ल्यूई, मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. युरोपातल्या सर्व्हरवर खेळणाऱ्यांचा पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, अशा वेळी वाढणारच.

काही एरर तर कनेक्शनच्या नसतातच. व्हॅलोरंट या गेममध्ये ‘व्हॅन ९००३’ दिसलं की बरेच जण नेटला दोष देतात. खरं तर तो कोड सिक्युअर बूट (पीसी सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) बंद असल्याचा आहे. ते बायोसमध्ये, म्हणजे पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन चालू करायचं असतं, नेटचा त्यात काही संबंध नाही. एररचा कोड आधी वाचा, गेमच्या अधिकृत साइटवर तो कशाचा आहे ते पाहा, सर्व्हरच्या स्टेटसचं पान उघडा. या तीन गोष्टी मेसेजमध्ये नाहीत, आणि सगळ्यात आधी करायच्या त्या याच.

आता प्लॅन. घरच्यांना पैसे खर्चायला लावणारा हा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो. खेळताना जाणारा-येणारा डेटा अगदी थोडा असतो, व्हिडिओ बघण्याच्या तुलनेत किरकोळच. गेमला हवं असतं ते वेळेवर पोचणं. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर. जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंद झाले, आणि केबल काही सरळ रेषेत जात नाही. म्हणजे सिंगापूरच्या सर्व्हरवर २० चा पिंग देणारा प्लॅन कुणीही विकू शकत नाही, मग तो १०० एमबीपीएसचा असो की १ जीबीपीएसचा. गेममध्ये मुंबईचा सर्व्हर निवडायची सोय असेल तर ते सेटिंग फुकट आहे आणि प्लॅनपेक्षा जास्त कामाचं आहे.

घरातली लाइन खरोखर तुंबते तेव्हा मोठ्या प्लॅनने थोडा फरक पडतो, हे खरं. पण तुंबण्याचं कारण बहुतेक वेळा दुसरंच असतं. रात्री सगळ्यांचे फोन चार्जिंगला लागतात आणि दिवसभराचे फोटो बॅकअपला जायला लागतात. राउटर सगळी पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, एकाच रांगेत उभी करतो, आणि गेममधली तुमची गोळी त्या फोटोंच्या मागे अडकते. याला बफरब्लोट म्हणतात. फोटो बॅकअपची वेळ बदला, किंवा राउटरमध्ये क्यूओएस (कोणत्या डेटाला आधी सोडायचं ते ठरवायची सोय) असेल तर तिथे अपलोडला मर्यादा घाला. एक पैसा न देता हे होतं.

डीएनएसचं थोडक्यात सांगतो. डीएनएस म्हणजे नाव सांगितल्यावर पत्ता काढून देणारा. पत्ता एकदा मिळाला की पुढच्या खेळात त्याचं काम नाही, त्यामुळे ८.८.८.८ टाकून पिंग कमी होत नाही. नेटवाल्याचा डीएनएस बंद पडला असेल आणि लाँचरच उघडत नसेल, तर मात्र हा उपाय चालतो. तेवढ्यापुरता तो बरोबर आहे.

फायरवॉल आणि डीएमझेड मात्र मी एकत्र घेतो, कारण हे दोन सल्ले एकत्र पाळले की घर उघडं पडतं.

विंडोजची फायरवॉल मुळात बाहेरून आत येणाऱ्या कनेक्शनला अडवते. गेम आपल्या पीसीवरून बाहेर जातो, आणि बाहेर जाणाऱ्याला ती सहसा अडवत नाही. गेम पहिल्यांदा उघडल्यावर ‘परवानगी द्यायची का’ असं विचारणारी खिडकी येते. घाईत तिथे ‘कॅन्सल’ दाबलं गेलं असेल तर फायरवॉलच्या यादीत जाऊन त्या एकाच गेमला परवानगी द्या. अख्खी फायरवॉल बंद करायचं काहीच कारण नाही.

डीएमझेड म्हणजे बाहेरून राउटरवर येणारं, दुसरीकडे कुठे न जाणारं सगळं तुमच्या पीसीकडे पाठवणं. आता त्या पीसीवर फायरवॉलही नाही, अँटीव्हायरसही नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे खंडणी मागणारं मालवेअर जगभर पसरलं ते विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या ४४५ क्रमांकाच्या पोर्टमधून, म्हणजे पीसीच्या एका दारातून, जिथे ते बाहेरून उघडं होतं आणि त्याच वर्षी मार्चमध्ये आलेला अपडेट टाकलेला नव्हता तिथून. अशा पोर्टपर्यंत बाहेरून कुणी पोचू नये म्हणून तर मधे राउटर आणि फायरवॉल असतात. त्या पीसीवर वडिलांचं बँकेचं लॉगिन असतं, घरच्यांचे आधार-पॅनचे स्कॅन असतात. गेमसाठी हे पणाला लावायला लावणाऱ्याने निदान त्याचा धोका तरी लिहायला हवा होता.

आणि एवढं करून आपल्याकडच्या कितीतरी घरांत डीएमझेडचा उपयोग शून्य. आयपीव्ही४ चे, म्हणजे इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचे, पत्ते अपुरे पडले, म्हणून बरेच नेटवाले अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. त्याला सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरला नेटवाल्याकडून मिळालेला पत्ता, बघा. तो १०० ने सुरू होत असेल आणि पुढचा आकडा ६४ ते १२७ च्या मध्ये असेल, किंवा पत्ता १० ने सुरू होत असेल, तर तुमच्या राउटरपर्यंत बाहेरचं कुणी थेट पोचतच नाही. मग डीएमझेडमध्ये पीसी टाकून गेमला काय मिळणार? खेळाडूच एकमेकांशी थेट जोडले जातात अशा काही गेममध्ये आणि कन्सोलच्या व्हॉइस चॅटमध्ये ‘स्ट्रिक्ट नॅट’ची (राउटर बाहेरून येणारी थेट जोडणी अडवतो, त्याची) अडचण खरी असते, हे मी नाकारत नाही. त्यासाठी आधी राउटरचं यूपीएनपी (गेमला लागणारी वाट आपोआप उघडणारं सेटिंग) चालू आहे का ते बघा. सीजीनॅट असेल तर नेटवाल्याकडे पब्लिक आयपी, म्हणजे फक्त तुमच्या घराचा असा बाहेरचा पत्ता, मागा. काही जण तो महिन्याला थोडे पैसे घेऊन देतात.

राहिलं व्हीपीएन, म्हणजे आपलं येणं-जाणं दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमधून वळवणं. तुमच्या नेटवाल्याचा रस्ता वाकडा असेल, म्हणजे पुण्याहून मुंबईला जायचं पॅकेट उगाच परदेश फिरून येत असेल, तर व्हीपीएनने खरंच फायदा होऊ शकतो. पण त्यात एक गोम आहे. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवण्याचा आदेश काढला, आणि त्यानंतर एक्सप्रेस व्हीपीएन, नॉर्ड व्हीपीएन, सर्फशार्क यांनी भारतातले आपले सर्व्हर काढून टाकले. एक्सप्रेस व्हीपीएनने तर भारताचा पत्ता सिंगापूर आणि ब्रिटनमधल्या सर्व्हरवरून द्यायला सुरुवात केली. म्हणजे ॲपमध्ये भारत निवडून मुंबईच्या सर्व्हरवर खेळायचं तर पॅकेट सिंगापूरला जाऊन परत मुंबईत येणार. फुकटच्या व्हीपीएनचं तर नावच काढू नका. तुमचं सगळं येणं-जाणं एका अनोळखी माणसाच्या हातात देणं आहे ते.

त्या मुलाकडे मग खरं काय होतं? नेटवाल्याचा माणूस राउटर लावून गेला, त्या संध्याकाळी एरर पुन्हा आली. मी त्याच्या पीसीवर आधी घरच्याच राउटरला, १९२.१६८.१.१ ला, पिंग लावला. आकडे मिलिसेकंदांत: ३, ४, १८७, ५, ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’, ६, २४०. पॅकेट अजून घराबाहेर पडलंही नव्हतं आणि वाटेतच हरवत होतं. राउटर हॉलमध्ये टीव्हीमागे, पीसी दोन भिंती पलीकडे, वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर, आणि आजूबाजूच्या सगळ्या घरांचे राउटर त्याच पट्ट्यात. तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनेल असतात तीनच: १, ६ आणि ११. पंधरा मीटर कॅट ६ केबल आणली, त्याने आणि मी मिळून ती भिंतीच्या कडेने चिकटवली. परत तोच पिंग: १, १, १, १. नंतर बाहेरच्या पत्त्याला, म्हणजे इंटरनेटवरच्या एका साइटला, मग गेमच्या मुंबई सर्व्हरला. सगळे आकडे एका रांगेत बसले.

तुमच्याकडेही हाच क्रम लावा: आधी राउटर, मग बाहेरचा पत्ता, मग गेमचा सर्व्हर. राउटरपर्यंतच उड्या असतील तर काम घरात आहे. राउटरपर्यंत ठीक आणि पुढे बिघाड असेल तर संध्याकाळी नऊच्या सुमाराला पाच-दहा मिनिटांचे आकडे फोटो काढून नेटवाल्याला पाठवा. फायबर असेल तर त्याला ओएनटीवरची (फायबर जिथे येऊन लागते त्या घरातल्या पेटीवरची) आरएक्स पॉवर, म्हणजे पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, बघायला सांगा. ती उणे २७ डीबीएमच्या खाली गेली असेल तर लाइनमध्ये दोष आहे, कुठेतरी वायर वाकलीय किंवा जोड खराब झालाय. नुसतं ‘गेम लॅग होतो’ म्हटल्यावर तक्रार बंद होते, आकडे दिले की माणूस शिडी घेऊन येतो.

ज्यांनी मेसेज वाचून आधीच हे सगळं केलंय, त्यांनी आज झोपण्याआधी विंडोज सिक्युरिटी उघडून फायरवॉलचे तिन्ही प्रोफाइल चालू करा, अँटीव्हायरस चालू करा, राउटरमध्ये डीएमझेडच्या रकान्यातला पीसीचा पत्ता काढा. राउटर रीसेट झाला असेल तर त्याच्या पानाचा पासवर्डही कंपनीचा मूळचाच झालेला असतो, तो बदला. आणि नेटवाल्याकडून पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड मागून एका चिठ्ठीवर लिहा, ती मीटरच्या बिलाच्या फाइलमध्ये ठेवा.