सोलापूरच्या ई-बसला सायकलचा स्टँड हवा

सोलापूरकर मंडळी, पोस्ट लांब आहे, पण मागणी एका ओळीची आहे म्हणून ती आधीच सांगते. शहरांना विजेवरच्या बस देणाऱ्या केंद्राच्या पीएम ई-बस सेवा योजनेत आपलं सोलापूर आहे. या योजनेतल्या प्रत्येक बसच्या पुढच्या बाजूला दोन सायकली अडकवता येतील असा स्टँड पाहिजे. सायकलचं वेगळं तिकीट घ्या, गर्दीच्या वेळा वगळा, नियम काय करायचे ते करा. पण कामगाराला स्वतःची सायकल घेऊन सिटी बसनं जाता आलं पाहिजे.

हा विषय माझ्या डोक्यात बसला तो रे नगरमुळं. रे नगर म्हणजे शहराबाहेर कुंभारीच्या माळावरची असंघटित कामगारांसाठीची ३०,००० घरांची वसाहत, त्यातल्या १५,००० घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ ला झालं. त्याच भागात विडी कामगार बायकांची १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत २००६ पासून आहे. कामगार नेते आडम मास्तरांच्या मागं उन्हातान्हात मोर्चाला गेलेल्या बायकांना मी लहानपणापासून बघत आले आहे. भाड्याच्या एका खोलीत तीन पिढ्या काढलेल्या माणसाच्या नावावर घर होतं, ही या शहरातली गेल्या पंचवीस वर्षांतली सगळ्यात मोठी गोष्ट आहे असं मी मानते. माझी तक्रार त्या घरांबद्दल नाही. घर मिळालं आणि काम लांब गेलं, या मधल्या अंतराबद्दल आहे.

सोलापूरचे कापडाचे यंत्रमाग कुठं आहेत ते आपल्याला माहीत आहे. साखर पेठ, भद्रावती पेठ, कन्ना चौक, अशोक चौकाच्या मागच्या गल्ल्या. खाली माग आणि वर बिऱ्हाड अशी घरं. कामगार तिथंच आसपास भाड्यानं राहायचा. सायकलवर टांग टाकली की पाच-दहा मिनिटांत कारखान्यात. दुपारी घरी जेवून परत यायचा. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू या कापड गिरण्या चालू होत्या, तेव्हापासून हे शहर असंच वसलं, भोंग्याच्या आवाजाच्या टप्प्यात. मिल बंद पडल्या, भोंगे थांबले, पण घर आणि काम सायकलच्या अंतरावर राहिलं होतं. आता तेच अंतर दहा किलोमीटरच्या पुढं गेलं आहे.

मी ज्या कारखान्यांचे हिशेब लिहिते, त्यातल्या एका ठिकाणी टॉवेलच्या मागावर एक अण्णा आहेत. घर मिळाल्यावर पेढे घेऊन आले होते, सगळ्यांना दिले. काही महिन्यांनी मी सहज विचारलं, अण्णा, सायकल दिसत नाही हल्ली? म्हणाले, "घरी आहे की ताई. इथं आणायची कशी?"

त्यांचा रोजचा रस्ता मी त्यांच्याकडून नीट समजून घेतला. घरापासून वसाहतीच्या तोंडापर्यंत चालत, कारण वसाहत एवढी मोठी की आतल्या गल्लीतून बाहेर यायलाच वेळ लागतो. मग बस मिळाली तर बस, नाहीतर शेअर रिक्षा. उतरायचं मोठ्या चौकात आणि तिथून परत कारखान्यापर्यंत चालत. बारा तास मागापुढं उभं राहायचं आणि हेच सगळं उलट करायचं. पूर्वी पाळी सुटली की सायकलवरून मार्केट यार्डाकडून भाजी यायची, नातवाच्या शाळेत चक्कर व्हायची, कुणाच्या घरी बारशाला जाऊन यायचं व्हायचं. ते सगळं थांबलं. बस माणसाला चौकात सोडते आणि निघून जाते. तिथून पुढं त्याच्याकडं फक्त पाय असतात.

कुणी म्हणेल, सोलापूर तर सपाट आहे, दहा किलोमीटर सायकल मारायला काय होतंय? डिसेंबरात काही जण मारतातही. पण एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ वर जातो तेव्हा डांबरावरून सायकल मारून बघा. पाळी करून, अंधारात, अक्कलकोट रोडवर मालट्रकच्या बाजूनं सायकल मारायला मी तरी कुठल्या माणसाला सांगणार नाही. लांबचा उघड्यावरचा रस्ता बसनं आणि दोन्ही टोकांच्या गल्ल्या सायकलनं, हीच इथल्या माणसाची खरी गरज आहे.

आणि यात नवं काय आहे? चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाला आठवत असेल, एसटीच्या टपावर सायकली जायच्या. मागची शिडी चढून हमाल किंवा मालकच सायकल वर आडवी टाकायचा, दोरीनं बांधायचा, कंडक्टर लगेजचं तिकीट फाडायचा. भाजीच्या पाट्या, कोंबड्यांचे खुराडे, गव्हाची पोती आणि सायकल. अक्कलकोट, मंगळवेढा, बार्शी, कुठल्याही गाडीवर हे दिसायचं. गाड्या बदलल्या, टपावरचे कॅरिअर गेले, शिड्या गेल्या, आणि त्यांच्याबरोबर गरिबाची सायकल गाडीवरून उतरली ती कायमची. बाजाराला येणाऱ्या माणसाचं यात काय जाईल, हे तेव्हा कुणी विचारलंच नाही.

बाहेर या प्रश्नावर लोकांनी भांडून जागा मिळवली आहे. स्कॉटलंडमधल्या एडिनबरात २०१४ मध्ये नवी ट्राम सुरू झाली. तेव्हा सायकल आत नेऊ देत नव्हते. तिथल्या सायकल वापरणाऱ्यांच्या संघटनेनं मागणी लावून धरली. प्रशासनानं आधी काही दिवस प्रयोग करून बघितला आणि २०१५ मध्ये परवानगी दिली. सकाळ-संध्याकाळची ऑफिसची गर्दी सोडून, आणि एका ट्राममध्ये फक्त दोन सायकली. मला यातला प्रयोग महत्त्वाचा वाटतो. आधी बंदी, मग थोडे दिवस करून बघणं, आणि अनर्थ होत नाही हे दिसल्यावर नियम. जर्मनीत श्टुटगार्टला एक दातेरी रुळावरून चढ चढणारी गाडी आहे, तिला सायकलींसाठी वेगळा उघडा डबा जोडलेला असतो. तिथं चढ आहे म्हणून गाडी सायकल वाहते. आपल्याकडं ऊन आहे आणि हायवे आहे. कारण वेगळं असलं तरी गरज तीच.

इतकं लांब तरी कशाला जायचं? कोची मेट्रोनं २०२० मध्ये सायकल आत घ्यायला सुरुवात केली. आपल्याच राज्यात नागपूर मेट्रोत सायकल नेता येते, पुणे मेट्रोत नेता येते. मला त्या दोन्ही शहरांचं कौतुक आहे. पण एक गोष्ट बोचते. जिथं हजारो कोटींची मेट्रो आहे तिथं सायकलला जागा आहे, आणि जिथं सायकल हे रोजच्या भाकरीचं साधन आहे त्या सोलापुरात ती जागा नाही. आपल्याकडं ना ट्राम, ना मेट्रो. सार्वजनिक वाहन म्हणून आपल्याकडं सिटी बसच आहे, म्हणून मागणीही तिच्याकडंच करायची.

बसमध्ये सायकल आत घ्यायला मात्र मी स्वतःच विरोध करीन. सकाळची बस मी बघते, तिच्यात पाय ठेवायला जागा नसते, लेकुरवाळ्या बाया उभ्या असतात. त्यात चेनचं ग्रीस लागलेली सायकल कुणाला नको. स्टँड बाहेर, बसच्या तोंडाला हवा. अमेरिकेत सिएटलसारख्या शहरात सगळ्या सिटी बसना तो आहे. रचना साधी आहे. लोखंडी चौकट, चाकं बसतील अशा दोन-तीन खोबणी, आणि पुढच्या चाकावर येऊन घट्ट बसणारा स्प्रिंगचा हात. रिकामा असेल तेव्हा वर दुमडून बसला चिकटतो. ड्रायव्हरनं उतरायचं नाही, ज्याची सायकल त्यानं चढवायची आणि उतरवायची. समोर असल्यानं ड्रायव्हरच्या नजरेत राहते, कुणी काढून नेत नाही. आपली साधी काळी सायकल वीस किलोच्या आसपास भरते. म्हणजे दोन सायकलींचं वजन एका माणसाएवढंही होत नाही, बॅटरीवर त्याचा काय भार पडणार?

माझ्या ओळखीतल्या दोघा-तिघांशी यावर वाद झाला. एकानं म्हटलं, चढवायला-उतरवायला वेळ लागतो, बस लेट होईल. पहिले काही दिवस होईल, मान्य. हात बसला की सामानाची पिशवी घेऊन चढणाऱ्या माणसाला लागतो त्याहून फार जास्त लागत नाही. शिवाय सगळ्या थांब्यांवर सोय द्यायची गरजच नाही. वसाहतीचं तोंड, अशोक चौक, स्टेशन, पार्क चौक, एवढ्या थांब्यांपासून सुरुवात करता येईल.

दुसऱ्याचं म्हणणं जास्त टोकदार होतं. "मॅडम, आधी बस तर धावू द्या." यावर मला पटकन उत्तर देता येईना, कारण आपण काय काय बघितलं आहे ते आठवतंय. जेएनएनयूआरएम या केंद्राच्या जुन्या शहर विकास योजनेतून आलेल्या बसच्या चॅसीला तडे गेले आणि नव्याकोऱ्या गाड्या डेपोत उभ्या राहिल्या. थांब्यावर तासभर उभं राहून शेवटी रिक्षा करणाऱ्यांचं शहर आहे हे. पण म्हणूनच सांगते, बस नियमित धावली पाहिजे ही मागणी आणि स्टँडची मागणी एकच आहे. भरवशाची बस नसेल तर सायकल चढवून जाणार कुठं? ज्याची सायकल बसवर आहे तो माणूस बस चुकली तर गप्प बसणार नाही, तो विचारेल. असं विचारणारं गिऱ्हाईक महापालिकेच्या परिवहनला हवंच आहे.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा वाटला. सायकल वाहून कशाला न्यायची, थांब्यावर लावून जा की. नेदरलँड्समध्ये असंच करतात. उट्रेख्तच्या स्टेशनखाली साडेबारा हजार सायकली मावतील एवढा तळ आहे, आणि गर्दीच्या वेळी तिथल्या रेल्वेत साधी सायकल नेऊ देत नाहीत. खरं आहे. पण तिथली बरीच माणसं एक सायकल घराकडच्या स्टेशनवर आणि दुसरी कामाकडच्या स्टेशनवर ठेवतात. आपल्या अण्णांकडं एकच सायकल आहे. ती वसाहतीच्या तोंडाशी लावली तर अशोक चौकात ते पुन्हा पायीच. म्हणून मला दोन्ही हवं आहे. वसाहतीच्या थांब्यावर छप्पर असलेला, राखणदार असलेला सायकल तळ, आणि बसला स्टँड. ज्याला एका टोकालाच सायकल लागते तो तळावर लावेल, त्यामुळं स्टँडच्या दोन जागा खऱ्या गरजवंताला मिळतील.

पैसा कुठून येणार? केंद्र सरकारनं १६ ऑगस्ट २०२३ ला ही योजना मंजूर केली तेव्हा तिचा एकूण खर्च ५७,६१३ कोटी धरला होता, देशभरात १०,००० बस. बसच्या बरोबरीनं योजनेचा दुसरा भागही आहे. चार्जिंगची सोय, एका वाहनातून दुसऱ्या वाहनात बदलण्याच्या जागा, बसला रस्त्यावर प्राधान्य, सगळीकडं चालणारं तिकीट कार्ड. एका वाहनातून दुसऱ्यात बदलण्याची सोय म्हणतात त्यात सायकल तळ बसत नसेल तर काय बसतं? सोलापूरसारख्या गावात पायानंतरचं पहिलं वाहन सायकलच आहे. तेव्हा महापालिकेनं सायकल तळ आणि स्टँड या भागात मागावेत, योजनेच्या भाषेतच मागावेत.

एक गोष्ट मात्र लगेच करायची आहे. या योजनेत बस चालवण्यासाठी केंद्राची मदत दहा वर्षांसाठी आहे, आणि बस चालवणार आहे ठेकेदार. ठेकेदार करारात लिहिलेलं करतो. स्टँड करारात, बसच्या तपशिलात लिहिला गेला नाही तर पुढं प्रत्येक वेळी "हे आमच्या कामात येत नाही" हे उत्तर ऐकावं लागेल. योजनेत १२, ९ आणि ७ मीटरच्या बस आहेत. स्टँडमुळं बसची लांबी थोडी वाढते, वळणाचा आणि परवानगीचा प्रश्न येतो, म्हणून आरटीओला आणि बस बनवणाऱ्यांना आधीच विचारात घ्यायला हवं. सगळ्या बसना एकदम नको म्हणत असतील तर कुंभारीच्या मार्गावरच्या बसपासून सुरुवात करा. एडिनबरासारखं तीन महिने करून बघा. किती सायकली चढल्या ते कंडक्टरच्या तिकिटांवरून कळेलच.

रेल्वेकडंही कधीतरी जायचं आहे. होटगी, मोहोळ, कुर्डुवाडीकडून कामाला येणाऱ्यांना सायकल न्यायची तर पार्सल ऑफिसात जाऊन बुक करून ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे सामानाच्या डब्यात टाकावी लागते. रोज कामाला येणारा माणूस ते करू शकत नाही. पण तो विषय दिल्ली-मुंबईत ठरतो. सिटी बसचा विषय आपल्या इंद्रभवनात, महापालिकेच्या कचेरीत ठरतो, चालत जाऊन भेटता येईल अशा माणसांच्या टेबलावर. म्हणून पहिल्यांदा हा.

मी परिवहन व्यवस्थापक आणि आयुक्त यांच्या नावानं दोन पानी निवेदन लिहिलं आहे. त्यात चार मागण्या आहेत: कुंभारी मार्गावरच्या बसना स्टँड, गर्दीच्या वेळा वगळून सायकलचं स्वस्त तिकीट, वसाहतीच्या थांब्यावर सायकल तळ, आणि तीन महिन्यांचा प्रयोग. ज्यांना सही करायची आहे त्यांनी मेसेज करा, मी प्रत पाठवते. वसाहतीत घरोघरी जायला माणसं लागणार आहेत, रविवारी सकाळी वेळ देऊ शकणाऱ्यांनी आवर्जून सांगा. आणि पूर्व भागातल्या कुणीतरी हे निवेदन तेलुगूत करून द्यावं, कुणी कन्नडमध्ये, कुणी उर्दूत. ज्यांच्या सह्या सगळ्यात आधी लागणार आहेत, त्यांना ते वाचून दाखवता आलं पाहिजे.