डाकोटाला उतरायला जागा

डाकोटा हे जुनं मालवाहू विमान, कुठेही उतरतं अशी त्याची ख्याती. 27 ऑक्टोबर 1947 ला शीख रेजिमेंटचे जवान घेऊन ते श्रीनगरला उतरलं, तेव्हा खाली होती एक कच्ची धावपट्टी. पुढच्या मे महिन्यात हवाई दलाचे वैमानिक मेहर सिंग यांनी तर ते थेट लेहला, सुमारे साडेअकरा हजार फुटांवर, घाईघाईत आखलेल्या पट्टीवर टेकवलं. शेजारी लष्कराचे मेजर जनरल थिमय्या. म्हणजे खेळ नव्हता.

आमच्या फ्लॅटमध्ये मात्र त्याला तीन आठवडे उतरायला जागा मिळत नव्हती.

माझं डाकोटा म्हणजे 1:72 मापाचं मॉडेल. खऱ्याचे पंख साधारण 29 मीटर, म्हणजे माझ्याचे 40 सेंटिमीटर. हा भागाकार मी ऑर्डर देण्याआधी करायला हवा होता. शोकेसचा कप्पा 35 चा. नाक बाहेर करून ठेवावं तर पंख आत जात नाहीत, कुशीवर वळवून ठेवावं तर काच लागत नाही. दोन कप्प्यांमधली फळी काढू म्हटलं तर बायको शांतपणे म्हणाली, "काढा की. आणि माझे चहाचे कप तुमच्या विमानात भरा."

आईने ते हातात घेऊन वजन पाहिलं. डायकास्ट म्हणजे जस्ताचा मिश्रधातू वितळवून पोलादी साच्यात दाबून भरतात, प्लॅस्टिक नव्हे, हे मी तिला अभिमानाने सांगितलं. ती म्हणाली, "पितळेचं असतं तर मोडीत तरी गेलं असतं." मग पंखांवरचे काळे-पांढरे पट्टे बघून, "आणि हे झेब्रासारखं काय?"

पट्ट्यांची गोष्ट सांगायला मला कुणी विचारावंच लागत नाही. 1943 साली, दुसऱ्या महायुद्धात, इटलीच्या सिसिली बेटावर छत्रीधारी सैनिक न्यायला निघालेल्या अमेरिकन डाकोटांवर त्यांच्याच बाजूच्या तोफांनी गोळे डागले. 144 पैकी 23 विमानं पडली. म्हणून पुढच्या वर्षी, 6 जूनच्या फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या स्वारीआधी, विमानांवर पट्टे ओढले. हेतू एकच: हा आपला आहे, मारू नका.

"मग तुम्हीही ओढून घ्या," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

टीव्हीवर ठेवावं तर हल्लीच्या टीव्हीला माथाच नसतो. फ्रिजवर ठेवलं. पण आमचा फ्रिज कॉम्प्रेसर चालू होताना अंगात आल्यासारखा हलतो. दुसऱ्या दिवशी सकाळी विमान चार बोटं पुढे सरकून कडेला आलं होतं, नाक वर, उड्डाणाच्या पवित्र्यात. खाली मिक्सर. मी ब्रश तोंडात धरून धावलो.

हे वर नाकाचं प्रकरण वेगळंच डोकेदुखीचं. डाकोटाला तिसरं चाक शेपटीखाली असतं, त्यामुळे जमिनीवर ते मागे टेकून बसतं, जेवण झालेल्या माणसासारखं. हे पाहुण्यांना पटत नाही. मामा म्हणाले, "मागचं चाक मोडकं आलंय, परत पाठव." शेजारच्या काकांनी शेपटीखाली बोट घालून ते सरळ करून दाखवलं. आणि कामाच्या मावशींनी एक दिवस, डगमगत्या टेबलाला लावतात तशी, शेपटीखाली कागदाची जाड घडी सारली. विमान आता आडवं, समतल, आणि साफ चुकीचं दिसत होतं. पण त्या इतक्या समाधानाने म्हणाल्या, "आता कसं सरळ बसलं, दादा!" की मी घडी काढली नाही.

आपल्या हवाई दलाकडे आजही एक उडतं डाकोटा आहे. 2018 साली दुरुस्त होऊन इंग्लंडहून आलं. त्याचं नाव परशुराम. आम्ही मूळचे चिपळूणकडचे. लहानपणापासून ऐकत आलो की परशुरामाने बाण मारला, समुद्र हटला आणि अख्खं कोकण वर आलं. मी तीन आठवडे बाण मारतोय, दीड फुटाची फळी हटत नाही.

शेवटी ते चपलांच्या कपाटावर उतरलं, दाराशी. आमच्या घरातली हीच एक मोकळी धावपट्टी. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी डाव्या पंखाखाली लाइटबिल दिसलं. मग गॅसचं कार्ड. मग प्रोपेलरवर स्कूटरची किल्ली. मी तोंड उघडलं.

"मालवाहू विमान आहे ना? तुम्हीच सांगितलंत. अठ्ठावीस माणसं बसतात म्हणे. एक लाइटबिल जड होतं का?" बायको म्हणाली.

यावर उत्तर नव्हतं. किल्ली काढली की प्रोपेलर छान फिरतो, हे मी मनातल्या मनात कबूलही केलं.

काल बिलाची तारीख होती. ते ओढताना विमान हललं आणि शेपटीखालची घडी खाली पडली. शेपूट टेकलं, नाक वर आलं; इतक्या दिवसांनी विमान बरोबर बसलं होतं. मी खूश होऊन ते बघत राहिलो, तेवढ्यात बायकोने घडी उचलून उलगडली.

विमानाचं बिल मी 'नीट जागी' ठेवलं होतं: रद्दीत, सर्वांत खाली. मावशींना जाड कागद हवा होता.

तिने आकडा एकदा मनात वाचला. मग एकदा मोठ्याने.

माझ्या अंगावर पट्टे नव्हते.