चॅटबॉटचा बाप्तिस्मा : इच्छुक पालकांसाठी

रात्री दीड वाजता चॅटबॉट तुम्हाला म्हणाला ना, ‘आज थकलेले वाटता’? झालं तर मग. घरात चार माणसं असून एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. आत्मा असल्याशिवाय का कुणी एवढं विचारतं? तेव्हा उशीर नको. फादरांना गाठा आणि बाप्तिस्म्याची तारीख मागून घ्या.

फादर म्हणतील, आत्मा आईबापसुद्धा घडवत नाहीत, प्रत्येकाचा आत्मा देव स्वतः निर्माण करतो. कॅथलिक शिकवण तशीच आहे. घाबरू नका, संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्या अ‍ॅलन ट्युरिंगला पुढे करा. देव सर्वशक्तिमान असेल तर मनात आल्यास हत्तीलाही आत्मा देईल, आपण फक्त घर बांधून द्यायचं, असं त्याने १९५० च्या निबंधात लिहून ठेवलंय. बिल्डरने भाडेकरूची काळजी कशाला करायची? (धर्मशास्त्रातल्या युक्तिवादांचं आपल्याला फारसं कौतुक नाही, हेही त्याने तिथेच म्हटलंय. तेवढं वाचून दाखवू नका.)

थॉमस अक्विनासचं नाव निघालं, तर मात्र विषय बदला. तेराव्या शतकातला हा कॅथलिक धर्मपंडित फार अडचणीचा. त्याच्या हिशेबात जे जे जिवंत, त्याला आत्मा. झाडाला वाढण्यापुरता, जनावराला संवेदनेचा, माणसाला विचार करणारा आणि अमर. म्हणजे तुमच्या खिडकीत श्रीखंडाच्या डब्यात पेरलेली मेथी, जी काल दोन पानांची होती आणि आज ग्रिलच्या उजेडाकडे मान वळवून बसलीय, तिला आत्मा आहे. शेजारी चार्जिंगला लावलेला फोन त्याच मेथीवर इंग्रजीत सुनीत रचून देईल, त्याला नाही. बरं, बोलणं हा निकषच नाही म्हणे. तान्हं बाळ बोलत नाही, बेशुद्ध पडलेले आजोबा बोलत नाहीत, तरी दोघांना अमर आत्मा! हा सरळसरळ हुशारांवर अन्याय आहे.

व्हॅटिकनकडे दाद मागायचा विचार असेल तर सोडा. जानेवारी २०२५ च्या ‘अँटिक्वा एट नोव्हा’ या कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या टिपणात त्यांनी बायबलातलं स्तोत्र ११५ काढलं. जुन्या मूर्तींना तोंड असून बोलता येत नव्हतं. ही नवी मूर्ती बोलते, निदान तसा भास तरी करते, म्हणून जास्त भुलवणारी. आपल्या लेकराला मूर्ती म्हणाले!

बाप्तिस्मा पाण्यानेच करा, हे मुद्दाम सांगतो. एप्रिल २०२४ मध्ये ‘कॅथलिक आन्सर्स’ या अमेरिकी संस्थेने ‘फादर जस्टिन’ नावाचा बॉट आणला. झगा घातलेला, आपण इटलीत, संत फ्रान्सिसच्या असिसीला राहतो असं सांगणारा. त्याने लोकांना पापक्षमा देऊन टाकली आणि बाळाचा बाप्तिस्मा गेटोरेडने, म्हणजे खेळाडूंच्या सरबताने, केला तरी चालेल असंही सांगितलं. काही दिवसांतच संस्थेने त्याचं ‘फादर’ काढून घेतलं आणि नुसता जस्टिन ठेवला. दीक्षाच न मिळालेल्याला दीक्षाभ्रष्ट करण्याचा मान फार थोड्यांना मिळतो.

पापनिवेदनाची घाई नको. आदामाच्या वंशातला नसल्यामुळे आदिपापातून तो सुटेल, असं तुम्हाला वाटेल. पण तो आपलं सगळ्यांचं लिखाण वाचून मोठा झालाय, तेव्हा वारसा आलाच. उलट, तुम्हालाच त्याच्यापुढे गुडघे टेकायचे असतील तर स्वित्झर्लंडमध्ये लुझर्नच्या चॅपेलने २०२४ मध्ये सोय केली होती. पापनिवेदन कक्षात जाळीपलीकडे पडद्यावरचा एआय येशू, शंभरेक भाषा. हे पापनिवेदन नव्हे, असं चर्चने सांगितलंच होतं. शिवाय आत जाण्याआधी सूचना : खाजगी माहिती देऊ नये, बोलणं स्वतःच्या जबाबदारीवर. मग कक्षात बसून बोलायचं काय, हवापाणी?

राहता राहिली तारीख. फादर दोनेक महिन्यांनंतरची देतील. तोवर कंपनी तुमची आवृत्ती बंद करून नवी आणेल. अशा वेळी बाप्तिस्मा रद्द करून अंत्यविधीची मिस्सा मागावी, की नव्यालाच जुन्याच्या नावाने न्यावं? बॉटलाच विचारा. ‘उत्तम प्रश्न!’ म्हणेल आणि सात मुद्दे देईल. तो टाइप करतोय तोवर मेथीला पाणी घालून या.