फॉर्मवर ‘नाही’ टिक करून क्रूझवर चढणाऱ्यांसाठी

बॅग अर्धी भरून पडलीय, इस्त्रीवाला दारात येऊन गेला, आणि मी इथे टाइप करत बसलेय. पण हे लिहिलं नाही तर मला आज जेवण जायचं नाही.

परवा मुंबईहून विमान आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सिंगापूरहून क्रूझ, असा आमचा कार्यक्रम. जळगाव-भुसावळची मंडळी आहेत, बरेचसे रिटायर्ड, रेल्वेतले, बँकेतले, थोडे आमच्यासारखे शाळामास्तर. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप अर्थातच आहे. कालपर्यंत तिथे ‘कळण्याचं पीठ कस्टमवाले अडवतात का’ यावर गंभीर चर्चा चालू होती आणि मी ती आवडीने वाचत होते. आज सकाळी एका भाऊंनी मेसेज टाकला. मिसेसला कालपासून उलट्या-जुलाब सुरू आहेत, अंगही गरम लागतंय, आणि बोटीवर चढायच्या आधी तब्येतीचा फॉर्म भरून घेतात म्हणे, तर काय करावं?

प्रश्न सरळ होता. उत्तरं वाचून माझं डोकं फिरलं.

‘नाहीवर टिक करा, कोण तपासायला येतंय.’ ‘चढायच्या आधी डोलो घ्या, मशीनमध्ये ताप दिसत नाही.’ ‘जुलाब बंद व्हायची गोळी पर्समध्ये ठेवा.’ आणि आमच्या ग्रुपचे ज्येष्ठ नाना, ज्यांना सगळे मानतात, त्यांनी शेवटचा निकाल दिला : ‘काही व्हत नही भो, इतला पैसा भरेल शे.’ त्यावर धडाधड अंगठे. हात जोडलेले. एकाने तर टाळ्या.

‘तुम्ही डॉक्टरकडे गेलात का’ हे एकानेही विचारलं नाही. वहिनींना बरं वाटतंय का, हेही नाही.

मी तिथे काय लिहिलं ते इथे देत नाही. ॲडमिनने लगेच ‘ताई, ग्रुपवर फक्त टूरचे मेसेज टाकावे ही विनंती’ असं खाली चिकटवलं. म्हणून इथे आले. तुम्ही माझी माणसं आहात, तुम्हाला यात चूक काय ते समजावून सांगायची गरज नाही. पण मला माझ्या भाच्याबद्दल सांगायचंय.

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा, अमळनेरचा. हॉटेल मॅनेजमेंट करून क्रूझवर हाउसकीपिंगला लागला. म्हणजे तुम्ही सकाळी नाश्त्याला गेलात की तुमची खोली आवरणारा, संध्याकाळी टॉवेलचा हत्ती करून पलंगावर ठेवणारा तो मुलगा. त्याच्या बोटीवर एक आजोबा चढले. घरूनच उलट्या होत होत्या, फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं. दुसऱ्या रात्री जेवणाच्या हॉलबाहेरच्या गालिच्यावर त्यांना भडाभडा उलटी झाली आणि मग खोलीत सगळंच. ते साफ करायला गेला आमचा पोरगा. प्लास्टिकचा गाऊन, दोन-दोन ग्लोव्हज, मास्क, क्लोरीनच्या पाण्याची बादली. चादरी, उशा लाल पिशव्यांमध्ये बांधायच्या, नळाची चावी, दाराची मूठ, टीव्हीचा रिमोट, लाइटची बटणं, सगळं पुसायचं. तो गुडघ्यावर बसून संडासाची फरशी घासत होता तेव्हा आजीबाई त्याला म्हणाल्या, ‘परवापासूनच होतंय यांना, वाटलं थांबेल.’

परवापासूनच.

हा होता नोरोव्हायरस, उलट्या-जुलाबाचा विषाणू. जिथे माणसं एकत्र खातात-झोपतात तिथे हा आगीसारखा पसरतो, होस्टेल असो, वृद्धाश्रम असो की क्रूझ. लागण व्हायला मोजके कण पुरतात. त्याच्यावर अजून लस बाजारात आलेली नाही. आणि आपण सगळे कोविडपासून जे सॅनिटायझर चोळत बसतो ना, त्याला हा फारसा भीक घालत नाही, साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात धुणं हाच उपाय. लागण झाल्यावर बारा ते अठ्ठेचाळीस तासांत माणूस आडवा होतो. भाचाही झाला. बोटीवर रोज आणखी माणसं आजारी पडायला लागली. बुफेतले चिमटे-डाव काढून घेतले, कर्मचाऱ्यांनीच वाढायचं असं ठरलं, कॅप्टन दिवसातून दोनदा घोषणा करायला लागला.

तुम्ही बोटीचे फोटो बघता त्यात बाल्कनी असते, खाली निळं पाणी असतं. कर्मचाऱ्यांच्या बऱ्याचशा खोल्या पाण्याच्या पातळीच्या खाली असतात. खिडकी नाही. एकावर एक दोन बंक, पडदा ओढला की तेवढंच आपलं घर. तिथून त्याने मला फोन केला. आवाज ओळखू येईना. ‘मावशी, मायले सांगू नको.’ एवढंच. मग उलटीचा आवाज आणि फोन कट.

मी बहिणीला सांगितलं नाही. रात्रभर फोन उशाशी घेऊन पडले होते.

तर आता सांगा, ‘कोण तपासायला येतंय?’

मला खरंच कळत नाही, लोकांना नेमका कशाचा त्रास आहे. कोविडच्या काळात क्रूझवर चढायला दोन डोसचं सर्टिफिकेट लागायचं, निगेटिव्ह रिपोर्ट लागायचा, पोर्टवर पुन्हा स्वॅब. २०२२ नंतर बहुतेक कंपन्यांनी ते एकेक करून काढून टाकलं. आता उरलंय काय? एक फॉर्म. गेल्या काही दिवसांत ताप, खोकला, उलट्या, जुलाब झालेत का? हो किंवा नाही. नाकात काडी नाही, दंडात सुई नाही, पैसा नाही. खरं बोलायचं तेवढं उरलंय, आणि तेही आपल्याला जड जातंय!

आणि ज्यांच्यापुढे हे खोटं बोलायचं, त्यांचं काय ते ऐका. भाच्याला दर कॉन्ट्रॅक्टच्या आधी डीजी शिपिंगने, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज खात्याने, मान्यता दिलेल्या डॉक्टरसमोर उभं राहावं लागतं. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, डोळे, कान. ते सर्टिफिकेट जास्तीत जास्त दोन वर्षं चालतं. बोट आफ्रिकेकडे किंवा ब्राझीलकडे जाणार असेल तर यलो फीव्हरची म्हणजे पीतज्वराची लस, तीही कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने नेमलेल्या केंद्रावरच, आणि टोचल्यावर दहा दिवस गेल्याशिवाय ते पिवळं कार्ड चालत नाही. बरं, हा नियम फक्त परदेशवाले लावतात असं नाही. यलो फीव्हर असलेल्या देशातून कार्डाशिवाय आलात तर आपलंच सरकार तुम्हाला सहा दिवस वेगळं ठेवतं. बोटीवर उलट्या सुरू झाल्या आणि स्वयंपाकघरातल्या माणसाने लपवलं तर त्याची नोकरी जाऊ शकते, लक्षणं थांबल्यावरही अठ्ठेचाळीस तास त्याला अन्नाला हात लावू देत नाहीत. म्हणजे तुम्हाला पोळी वाढणाऱ्याने खरं बोलायचं आणि तुम्ही मात्र क्रोसिन खाऊन चढायचं. वा.

नियम सगळे शहाणपणाचे असतात असं माझं म्हणणं नाही. २०२१ मध्ये पुण्यात तयार झालेली कोविशिल्ड दोनदा टोचून घेतलेल्या आपल्या लोकांना ब्रिटनने लस न घेतलेल्यांच्या रांगेत बसवलं होतं, तो निव्वळ आगाऊपणा होता. आणि टेस्ट केली म्हणजे सगळं झालं असंही नाही. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्याला गेलेल्या बोटीवर नियम असूनही ६६ जण पॉझिटिव्ह निघालेच. मान्य. पण म्हणून फॉर्मवर खोटं लिहा, हे कुठून आलं?

यातली खरी गंमत अशी की आपली हीच माणसं देवाच्या दारात गुमान रांगेत उभी राहतात. अमरनाथला जायचं तर हेल्थ सर्टिफिकेट सक्तीचं, सत्तरीच्या पुढच्याला परवानगीच नाही. त्याबद्दल नाना कधी बोलले नाहीत. आपल्याकडून हजला जाणारे मेंदूज्वराची लस घेतल्याशिवाय निघत नाहीत, त्याचाही कुणी बाऊ करत नाही. माझी आजी मुक्ताईच्या पालखीबरोबर पायी पंढरपूरला जायची. कॉलऱ्याची सुई टोचून घेतल्याशिवाय पंढरपुरात शिरू देत नसत तो काळ. दंड सुजायचा, ताप भरायचा, आजी शिव्या द्यायची आणि तशीच चालायची. तो टोचल्याचा कागद लुगड्याच्या ओच्यात, पैशांबरोबर गुंडाळलेला असायचा. अक्षरओळख नव्हती तिला, तरी तो कागद कशासाठी आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. आपण मात्र पीडीएफ उघडून, झूम करून, नीट वाचून खोटं लिहितो.

रावेर-यावलकडच्या माझ्या मित्रांनो, केळीवर सीएमव्ही हा विषाणूचा रोग आला की तुम्ही काय करता? रोग लागलेलं झाड उपटून लांब पुरून टाकता ना, पोटात कालवत असलं तरी? शेजारच्या बागेवाल्यालाही सांगता. मग बोटीवर चढताना ही अक्कल कुठे जाते?

डायमंड प्रिन्सेस आठवते का? फेब्रुवारी २०२०, जपानमधलं योकोहामा. ३७११ माणसं त्या बोटीवर, सातशेहून जास्त लोकांना कोविडची लागण. टीव्हीवर आपण प्रवाशांच्या बाल्कन्या बघत होतो. प्रवासी खोल्यांमध्ये बंद होते, आणि त्यांच्या दारात जेवणाचे ट्रे कोण नेऊन ठेवत होतं? कर्मचारी. रात्री तेच कर्मचारी आपापल्या दोघांच्या खोलीत, त्याच हवेत झोपत होते. त्या बोटीवर १३८ भारतीय होते, त्यातले १३२ कर्मचारी. आम्हाला तेव्हा पहिल्यांदा कळलं की भाच्याची खोली कशी असते, कारण बहीण रोज विचारायची, ‘त्याच्याही बोटीवर असंच असेल का गं?’

मी पुन्हा चिडायला लागले. थांबते.

खरं सांगायचं तर मगाशी, हा पोस्ट अर्धा झाल्यावर, मी त्या वहिनींनाच फोन लावला. आवाज अगदी खोल गेलेला. म्हणाल्या, ‘ताई, मला स्वतःलाच जायचं नाहीये हो. पण यांनी लेकाला, सुनेला, सगळ्यांना सांगून ठेवलंय. पैसे परत मिळणार नाहीत म्हणतात. माझ्यामुळे सगळ्यांचं जाणं मोडेल.’ मग रडायलाच लागल्या.

काय बोलणार? पैसे बुडतात हे खरंच आहे, आणि तेही रिटायरमेंटच्या पैशातले. आयुष्यभर कुठे गेलेलं नसतं माणूस, भुसावळ जंक्शनवर लोकांना गाड्यांमध्ये चढवण्यात दिवस गेलेले असतात. त्यांना मी ‘समाजभान’ वगैरे शिकवायला गेले नाही. डॉक्टरकडे जा, लिहून घ्या, इन्शुरन्सचा कागद शोधा, टूरवाल्याला आजच्या आज फोन करा, चढायच्या आधी सांगितलं तर काही कंपन्या पुढची तारीख देतात, निदान विचारा तरी, एवढं सांगितलं. आणि साखर-मीठ-पाणी घोट घोट घ्यायला सांगितलं. त्यांना ओआरएसचं पाकीटसुद्धा कुणी आणून दिलेलं नव्हतं. घरात चार माणसं आहेत, फॉर्मवर काय लिहायचं याची मीटिंग चालू होती म्हणे.

भाचा त्या आजोबांबद्दल कधीच वाईट बोलत नाही. मी एकदा त्यांना शिव्या घातल्या तर म्हणाला, ‘मावशी, म्हातारा माणूस होता, घाबरला असंल.’ त्याचे टिपचे पैसे बुडाले, चांगलाच खंगला, आईपासून लपवावं लागलं, आणि वर हा त्यांचीच बाजू घेतो. इतका चांगुलपणा मला जमत नाही. मला त्या आजोबांचा राग येतो, त्यांच्या बायकोचा येतो, आणि ज्या कुणी त्यांना घरून निघताना ‘काही होत नाही’ म्हटलं असेल त्याचा सगळ्यात जास्त येतो. कारण असं म्हणणारा तो कधीच बोटीवर नसतो. तो घरी बसून अंगठा पाठवतो.

आमचे हे मागून वाचतायत आणि म्हणतायत, जाऊ दे, परवा सगळ्यांचं तोंड बघायचंय. बघीन की. शेजारी बसून शेवभाजीही खाईन. पण सिंगापूरला काउंटरवर फॉर्म हातात आला आणि माझ्या शेजारी कुणी पोट धरून उभं असलं, तर मी गप्प बसणार नाही, हे ग्रुपवर ज्यांना सांगायचं त्यांनी आत्ताच सांगून टाका. स्क्रीनशॉट पाठवा, मला चालेल.

आणि ‘आपली इम्युनिटी मजबूत आहे’ अशी कमेंट आली तर उडवली जाईल.