‘यात ख्रिस्त कुठे आहे?’ या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, सलाम.

रविवारी उपासनेहून आल्यावर आई शेजारच्या आजींची नखं कापायला जाते, त्या लेखावर तुमचं म्हणणं असं: हे कोणीही भलं माणूस करतं, यात ख्रिस्त कुठे आहे? तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेनं होतं, कर्मांनी नाही. बायबलमधलं इफिस 2:8-9 वाचा.

वाचलं. पण तुम्ही नवव्या वचनावरच थांबलात. दहाव्यात हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो, आपण देवाची हस्तकृती आहोत, सत्कृत्यं करावीत म्हणून घडवलेले. कर्मांनी तारण विकत मिळत नाही, मान्य. (कर्मांवर भर देणाऱ्या बायबलमधल्या याकोबाच्या पत्राला धर्मसुधारक ल्यूथरनं 1522 मध्ये ‘पेंढ्याचं पत्र’ म्हटलं होतं, म्हणजे तुम्हाला सोबत मोठी आहे.) पण तारण झालेल्यानं हात बांधून बसावं, असं पौल कुठे म्हणतो?

केडगावचं मुक्ती मिशन घ्या, पंडिता रमाबाईंचा निराधार बायका-मुलींसाठीचा आश्रम. 1896 चा दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या. आधी जेवण, मग अक्षरओळख. याच बाई पुढे हिब्रू-ग्रीक शिकून बायबल मराठीत आणत होत्या, आणि छापखान्यात त्याचे खिळे जुळवायला तिथल्याच बायका. यातली सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, कुठली नि समाजसेवा कुठली, मला तरी निवडून काढता येत नाही.

आजींना सुवार्ता सांगितली का, असंही विचारलंत. म्हाताऱ्या माणसाची नखं जाड असतात, नेलकटरमध्ये बसत नाहीत. आई कोमट पाण्यात पाय अर्धा तास भिजवते, मग अंगठ्याचं नख कडेनं थोडं थोडं काढते. आजींनी एकदा विचारलं, ‘तुमच्या चर्चमध्ये हेच शिकवतात का गं?’ आई म्हणाली, ‘हो. पाय हलवू नका.’ सांगणं झालं ते एवढंच. तुम्हाला कमी वाटेल.

एका बाबतीत मात्र तुम्ही मला पकडलंत. उजव्या हाताचं दान डाव्या हाताला कळू नये, असं येशू म्हणतो; आणि मी ते फोटोसकट छापलं. लिहिताना थोडी फुशारकी होतीच. आईला प्रतिक्रिया वाचून दाखवली, तर ती तुमच्यावर नाही, माझ्यावरच चिडली: ‘त्यांचे पाय तू गावाला दाखवलेस?’

फोटो आणि आजींचं नाव, दोन्ही आज सकाळी काढून टाकलं.