ईएलआरची बॅटरी: एक खुलासा

‘जुनी कॅडिलॅक ईएलआर ही विजेवर चालणारी गाडी घेऊ नका, चार्जिंग संपलं की भर रस्त्यात बंद पडते,’ असं इथे अमेरिकेतल्या आपल्या मंडळींत फिरतंय. हे साफ चूक आहे. २०१४ च्या मॉडेलची बॅटरी सुमारे ६० किलोमीटर नेते, मग १.४ लिटरचं पेट्रोल इंजिन जनरेटरसारखं चालू होतं. माझ्या गाडीत आकडा शून्यावर आला की बारीक घरघर ऐकू येते, एवढंच. आठ वर्षांची वॉरंटी संपली म्हणजे बॅटरी मेली, असंही नाही. खरी काळजी वेगळीच: जेमतेम तीनेक हजार गाड्या विकल्या गेल्या. यंत्रणा शेव्हरले व्होल्ट या जास्त खपलेल्या गाडीचीच, त्यामुळे तिचे भाग मिळतात, पण मागचा दिवा ईएलआरचा स्वतःचा; तो फुटला तर दुसरा शोधत बसावं लागतं. घेण्याआधी दिवे, काचा नीट तपासा.